चिमीचं पाणी

धामणखेडच्या उकंडरावांना कोणी विचारलं, घरी किती माणसं, तर ते बेलाशक "तीन" म्हणत. एक ते स्वतः, दुसऱ्या त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई आणि तिसरी चिमी. चिमी ही कुत्री आहे, ही बाब ते आपण होऊन सांगत नसत. समोरच्यानं खोदून विचारलंच तर एकदम पाऊसपाण्याचं बोलायला लागत. लेक विमल लग्न होऊन जानेफळला गेली होती, म्हणजे घरात खरोखरी दोघंच. पण "दोन" म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

माणूस तसा फटकळ. पूर्णेकाठच्या काळ्या रानात वीस एकर कोरडवाहू, त्यात कपाशी नि ज्वारी, दावणीला दोन बैल आणि तोंडात कायम कोणाला तरी झापायची तयारी. हंगामात स्वतःचा कापूस स्वतःच गाडीत भरून नांदुऱ्याच्या जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचे. वाटेत गाडी आडवी आली तर पुढच्याच्या सात पिढ्यांची विचारपूस व्हायची. आणि अशा या माणसाच्या गाडीत, कापसाच्या ढिगावर, लांब कानांची, आखूड पायांची एक वीतभर कुत्री राणीसारखी बसलेली असायची. बघणाऱ्याला हसू यायचं, पण हसायची छाती कोणाची नव्हती.

ती आली होती नांदुऱ्याच्याच रेल्वे बंगल्यातून. तिथला गोरा साहेब नोकरी आटोपून विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या खानसाम्यानं ओंजळीत मावेल एवढं पिल्लू उकंडरावांच्या हातात ठेवलं. "ले जाओ पटेल, खेत की रखवाली करेगी," असं तो म्हणाला. रखवालीचं म्हणाल तर चिमीनं दहा वर्षांत पिकावरचा एक होलासुद्धा उडवला नाही. शेजारची मांजर आली की ती उकंडरावांच्या धोतराआड जायची. उकंडराव मात्र सगळ्यांना सांगत, की ही आहे म्हणून शिवारात डुकरं येत नाहीत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर चिमीला खोकला लागला. पहाटे उठली की मान पुढं ताणायची, ढास लागायची, आणि शेवटी घशात काही अडकल्यासारखं करून पांढरा फेस टाकायची. उकंडरावांनी निदान करायला वेळ लावला नाही.

"रुई लागली तिले," ते म्हणाले. "कापसावर बसते नं. तूस गेलं नरड्यात."

जिनातल्या बायामाणसांना हा खोकला दर हंगामात होतोच. त्यावरचा तिथला उतारा म्हणजे तव्यावर भाजलेलं मीठ नि हळद. उकंडरावांनी तोच धरला. सकाळ-संध्याकाळ ते स्वतः चुलीपाशी उकिडवे बसत, मिठाचा खडा भाजत, कुटत, हळद नि तुपात कालवत आणि तळहातावर घेऊन चिमीला चाटवत. एरवी चुलीकडे न फिरकणारा नवरा रोज दोनदा चुलीपाशी येतो, याची अन्नपूर्णाबाईंना गंमत वाटायची. चिमी हात चाटूनपुसून साफ करायची. मग उकंडराव म्हणायचे, "पाह्य, गुण येऊन राह्यला."

गुण काही येत नव्हता. पौषात एका दुपारी ते जिनावरून परतले. गाडीचा आवाज ओळखून चिमी अंगणातून धावत निघाली, आणि मधेच कोलमडली. पाय ताठ, जीभ निळसर, डोळे उघडे पण त्यात नजर नाही. उकंडरावांनी कासरा टाकून उडी मारली.

"अवं, इकडे ये! तिले पाह्य वं काय झालं!"

तो आवाज ऐकून अन्नपूर्णाबाई हातातलं काम टाकून धावल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा असा कापरा आवाज त्यांनी सासू गेली तेव्हाही ऐकला नव्हता. त्या येईपर्यंत चिमीनं मान उचलली, दोनदा डोळे मिटले-उघडले आणि काही झालंच नाही अशी शेपूट हलवली. उकंडराव मात्र मातीतच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गाडीत गोधडी अंथरून ते तिला तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं लंगडे बैल, फुगलेल्या म्हशी नि त्यांचे धनी असा गोतावळा. त्यात मांडीवर कुत्री घेतलेला एवढा थोराड माणूस पाहून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले. उकंडरावांनी एकदा सगळ्यांकडे सावकाश पाहिलं. मग कोणी हसलं नाही.

डॉक्टर नारायणराव नागपूरकडून बदलून आलेले. बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. त्यांनी चिमीच्या बरगड्यांवर नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. मग नळीची टोकं उकंडरावांच्या कानात घातली. आत एखादं पोर दात विचकून श्वास सोडतंय असा आवाज येत होता, फस्स, फस्स, प्रत्येक ठोक्याला.

"लोहाराचा भाता पाहिलाय ना?" डॉक्टर म्हणाले. "आत चामड्याची झडप असते. हवा पुढं जाते, मागं येत नाही. ती झडप जुनी झाली, कडा जाड होऊन वळल्या, की काय होतं?"

"अर्धी हवा मांगं निंघून जाते. लोहाराचे हात दुखतात अन् लोखंड काही तापत नाही."

"बरोबर. हिच्या काळजात तशाच झडपा आहेत. त्यातली एक वयानं खराब झालीय. रक्त मागं गळतं, मग काळजाला दुप्पट ओढावं लागतं. लहान चणीच्या कुत्र्यांना म्हातारपणी होतो हा आजार."

"लोहार चामडं बदलवते, डॉक्टर."

नारायणरावांनी नळी गुंडाळली. "इथं बदलता येत नाही, उकंडराव."

आजार जाणार नाही, हे कळलं. मग उरलं काय, तर तिचे जे दिवस आहेत ते सुखानं श्वास घेत जावेत, घुसमटून जाऊ नयेत. डॉक्टरांनी कडू औषधाची बाटली दिली, किती थेंब ते बोटांवर मोजून दाखवलं, आणि शेवटी म्हणाले, "आणि मीठ बंद. कणभरसुद्धा नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तेच पाणी छातीत उतरतं, म्हणून ती खोकते. मीठ हे हिला विष समजा."

उकंडरावांनी मान हलवली. आपण काय चारत होतो, ते न सांगताच त्यांनी चिमीला उचललं. परतीच्या वाटेवर बैल आपले आपण चालत राहिले. घरी आल्यावर मात्र ते अन्नपूर्णाबाईंपुढं मटकन बसले.

"म्याच चारलं वं तिले. माह्या हातानं. रोज दोनदा."

"तुमाले काय माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "चांगल्यासाठीच चारलं नं."

"थे तिच्या काळजाले कोण सांगीन?"

त्या दिवसापासून चिमीची भाकरी वेगळी, दूध वेगळं, भांडं वेगळं. मिठाचं मडकं उचलून उंच फळीवर गेलं. आठ दिवस उकंडरावांनी स्वतःही अळणी खाल्लं. का, ते कोणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी अन्नपूर्णाबाईंनी न विचारता त्यांच्या वरणात मीठ घातलं, आणि त्यांनी ताट पुसून जेवण केलं.

एवढं करून चिमीला उतार पडेना. खोकला वाढला. पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. ती आडवी होईना. पुढचे पाय फाकवून, मान वर करून बसल्या बसल्याच पेंगायची, आणि डुलकी लागली की दचकून श्वास ओढायची. उकंडराव तिच्याजवळ पाठीला पाठ लावून बसायचे. मिठाचा एक कण घरातून तिच्या पोटात जात नाही, याची ते शपथ घ्यायला तयार होते. मग हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता.

फाल्गुन लागता लागता गुरांना बुळकांडीच्या रोगाची लस टोचायला नारायणराव गावोगाव फिरत होते. धामणखेडचं काम उरकून ते आपण होऊन उकंडरावांच्या घरी आले. चिमीला पाहिलं, नळी लावली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मीठ बंद केलं ना?"

"पोरीची आण, डॉक्टर."

"मग असं व्हायला नको," ते पुटपुटले. उन्हातून आलेले, घामानं निथळत होते. "जरा पाणी द्या."

अन्नपूर्णाबाईंनी लोटा-फुलपात्र आणून ठेवलं. उकंडरावांनी छाती किंचित पुढं केली. पाणी घरच्या विहिरीचं, आणि ही विहीर त्यांच्या वडिलांनी, रामरावांनी, खणलेली. या खारपट्ट्यात जिथं खणावं तिथं मचूळ पाणी लागतं, तिथं रामरावांनी तीन ठिकाणं सोडून चौथ्या ठिकाणी हे पाणी काढलं. आसपासच्या चार गावांत तिला गोडी विहीर म्हणायचे. पाहुण्याला जेवण एकवेळ कमीजास्त चालेल, पण या विहिरीचं पाणी पाजल्याशिवाय उकंडराव त्याला उठू देत नसत.

डॉक्टरांनी एक घोट घेतला. तो गिळला नाही, तसाच तोंडात धरला, उठून भिंतीकडेला गेले आणि थुंकले.

"हे पाणी कोणतं?"

"आमच्या विहिरीचं. ह्या पट्ट्यात यापेक्षा गोड पाणी..."

"गोड? अहो, खारट आहे हे! तुम्ही तिच्या भाकरीतलं मीठ काढलंत आणि पाण्यातून रोज तेच पाजताय."

उकंडरावांचा पारा चढला. डॉक्टर असला म्हणून काय झालं. "ह्या पाण्यावर माह्या बापाची हयात गेली, डॉक्टर! सारं गाव पिते. आमी काय कधी आजारी पडलो?"

"तुमचं काळीज धडधाकट आहे, तुम्हाला सोसतं. शिवाय जन्मापासूनची सवय, चव लागत नाही. हिला नाही सोसायचं."

"खारं नाही हे पाणी," उकंडराव म्हणाले, आणि साक्षीला बायकोकडे वळले. "सांग वं यायले. आपलं पाणी खारं आहे काय?"

अन्नपूर्णाबाई सोनाळ्याच्या. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव; तिथलं पाणी डोंगरातून पाझरून येणारं. त्यांनी आधी चिमीकडे पाहिलं. ती मान वर करून हवा शोधत होती.

"हाव," त्या म्हणाल्या. "खारं आहे."

"कव्हापासून?"

"पयल्या दिवसापासून."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पहिला घोट घेतला आणि त्यांनी लोट्यात डोकावून पाहिलं, काही पडलंय का म्हणून. सासूबाई तानुबाईंनी ते टिपलं. डोंगराकडची पोरगी आली अन् माह्या मालकाच्या विहिरीले नावं ठेवते, हे महिनाभर पाणवठ्यावर गाजलं. त्यानंतर अन्नपूर्णाबाईंनी त्या पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माहेरी गेल्या की पोट फुगेस्तोवर पाणी प्यायच्या, एवढंच.

अठ्ठावीस वर्षांचं हे ऐकून नवऱ्यानं बायकोला काही तरी बोलायला हवं होतं. उकंडराव काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपण आपल्या बापाचं पाणी पाजून चिमीला बुडवत होतो. डॉक्टर गेले तरी ते ओट्यावर तसेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते खांद्यावर घागर घेऊन निघाले. गावापासून दोन कोसांवर, नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूत एक झिरा होता. हातभर उकरलं की तळाशी गोड पाणी पाझरायचं. वाटीवाटीनं घागर भरायला चांगला तासभर लागे. गाडी नेली तर हिंदकळून अर्धं पाणी सांडे, म्हणून चार कोस चालायचं. बाप्या माणूस घागर घेऊन पाण्याला निघालेला धामणखेडनं पाहिला नव्हता. बाया पदर तोंडाला लावायला लागल्या. शेजारचे किसनराव बालपणचे सोबती, त्यांना तर राहवेनाच.

"काय गा उकंडा, आता भांडेही घासाले शिकून राह्यला काय?"

"शिकतो नं. तुह्या घरचे आणून दे, पयले थेच घासतो."

"पण कुत्र्यासाठी, लेका? चार कोस?"

"तुह्यासाठी गेलो नसतो," उकंडराव म्हणाले आणि घागर सावरत पुढं निघाले.

घागर आली की अन्नपूर्णाबाई ती गाळून सावलीत ठेवत. तीन दिवस पुरवत. चौथ्या दिवशी उकंडराव पुन्हा निघत. ऊन चढत गेलं, तळपाय भाजायला लागले, पण खाडा नाही. आणि पंधरा दिवसांत फरक दिसायला लागला. आधी खोकला कमी झाला. मग पोट उतरलं. एका दुपारी उकंडराव शेतातून आले तर चिमी अंगणात कडुनिंबाखाली एका कुशीवर, चारी पाय पसरून, घोरत झोपलेली. कित्येक आठवड्यांत ती अशी आडवी झाली नव्हती. उकंडरावांनी जोडे हातात घेतले आणि अनवाणी पायांनी तिला वळसा घालून घरात गेले.

"झोपली वं," ते बायकोच्या कानाशी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

असे दीड-दोन महिने मिळाले. सुखाचे म्हणावेत असे. चिमी पुन्हा दारापर्यंत सामोरी यायला लागली, धावत नाही, चालत. मांजरीला घाबरायलाही लागली. मग चैत्र सरता सरता एका सकाळी उकंडराव न्याहारीला बसले असताना ती नेहमीसारखी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडली होती. भाकरीचा तुकडा त्यांनी खाली केला, तर तिनं घेतला नाही. वाकून पाहिलं. घुसमट नाही, तडफड नाही. पायावर तिचं ओझं तेवढं होतं. त्यांनी तो तुकडा तसाच हातात धरला आणि लहान पोरासारखे मोठ्यांदा रडले. किसनराव भिंतीपलीकडून धावत आले. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही. शेताच्या बांधावर खड्डा त्यांनीच खणला.

आठच दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला वऱ्हाडात गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात, तिला कुंकवाची बोटं लावतात, वर डांगराचं फळ ठेवून पुजतात. उकंडरावांच्या घरची रीत अशी, की घागरीला कुंकू लागलं की ते पाणी गेलेल्याचं. जित्या माणसानं त्याला तोंड लावायचं नाही. त्या सकाळी अन्नपूर्णाबाईंनी सासऱ्यांची घागर त्यांच्याच विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवली. तेवढ्यात उकंडराव दारातून आत आले, खांद्यावर दुसरी नवी घागर. नदीवर जाऊन आले होते.

"ही चिमीची," ते म्हणाले. "लोक हसतीन तर हसू दे."

अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती घागर रामरावांच्या घागरीशेजारी, जरा अंतर ठेवून मांडली, आणि कुंकवाची वाटी घ्यायला वाकल्या. उकंडराव पाटावर टेकले, घाम पुसत. सहज बोलून गेले, "तिच्या निमित्तानं तुह्यंही भागलं नं वं दोन महिने. गोड पाणी भेटलं."

"मले?" अन्नपूर्णाबाईंनी मान वर केली. "म्या कायले पिऊ? थे चिमीचं होतं."

"एक घोटही नाही?"

"नाही."

"मंग उरलेलं?"

"उरे कोठी? तिचीच भाकर त्यात मळे, तिच्याच दुधात टाके. तीन दिवस पुरवा लागे नं."

"अवं पण, तुले माहीत होतं थे गोड आहे. तुह्या सोनाळ्यासारखं. काऊन नाही पेली?"

अन्नपूर्णाबाईंनी कुंकवाची वाटी जवळ ओढली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता; तांदूळ संपले म्हणून सांगावं तसं त्या म्हणाल्या, "तुमी म्हटलंच नाही."

उकंडरावांची नजर त्या घागरीवर गेली. कुत्रीच्या श्वासासाठी चार कोस चालणारा माणूस, दर चौथ्या दिवशी हिच्याच हातात घागर देत होता. आणि हिनं ती गाळली, झाकली, मोजून वापरली, आणि स्वतः सासऱ्यांच्या विहिरीचं खारं पाणी पीत राहिली. चिमीबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं, पण हे वाईट वाटणं वेगळं होतं. यात लाज होती, आणि ती अठ्ठावीस वर्षांची होती.

अन्नपूर्णाबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि घागरीकडे नेलं. उकंडरावांनी झटकन पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं.

"थांब. लावू नको."

"काऊन? चिमीची नं?"

"चिमी गेली. तिले आता लागत नाही." त्यांनी कुंकवाची वाटी बाजूला सारली. "ओंजळ कर."

"अवो, सणाचा दिवस, पूजेचं पाणी..."

"कुंकू लागलं नाही अजून. कर म्हणतो नं ओंजळ."

त्यांनी घागर उचलली. रोज बैल जुंपणारे, नांगर धरणारे हात, पण असं कोणाला पाणी पाजायची सवय नव्हती; पहिली धार अन्नपूर्णाबाईंच्या पदरावर सांडली. मग त्यांनी नीट धरली. त्या वाकून, डोळे मिटून पीत राहिल्या, पाणी कोपरावरून ओघळून शेणानं सारवलेल्या जमिनीत जिरत होतं. एकदा त्यांनी दम घ्यायला मान वर केली, तेव्हा सारा चेहरा ओला होता.

"वता नं अजून," त्या म्हणाल्या.